उतरलेला ताप पुन्हा चढतो तेव्हा

सूनबाईंना सातवा महिना लागला की घरात डोहाळजेवणाची लगबग सुरू होते. दुकानातून कुणीतरी घरी आणलेला सर्दी-ताप मात्र फारसा मनावर घेतला जात नाही. दोन दिवस काढा दिला जातो आणि बहुधा ताप उतरतोही. प्रश्न त्यानंतरच्या दिवसांचा आहे.

१९१८ सालच्या जूनमध्ये इन्फ्लुएन्झा मुंबईत शिरला आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात त्याने भयंकर रूप धारण केले. त्या जागतिक साथीतील बहुतेक बळी विषाणूपाठोपाठ आलेल्या जिवाणूजन्य न्यूमोनियाने घेतले, असे पुढील संशोधनातून दिसून आले. अमेरिकेत १९१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत १३५० गर्भवती रुग्णांची नोंद आहे. सुमारे निम्म्या जणींना न्यूमोनिया झाला आणि त्यांतील निम्म्या दगावल्या. त्या काळी प्रतिजैविके नव्हती, हे खरे. परंतु रोगाची रीत आजही तीच आहे.

श्वासनलिकेच्या अस्तरावरील सूक्ष्म तंतू धूळ व जंतू बाहेर लोटतात. फ्लूचा विषाणू हे अस्तरच उद्ध्वस्त करतो. मग एरवी नाका-घशात निमूटपणे राहणारे न्यूमोकोकस, स्टॅफिलोकोकस यांसारखे जिवाणू फुप्फुसात उतरतात. पहारेकरी नसलेल्या पेढीत चोर शिरावा तसे. गर्भवतीचे वाढलेले गर्भाशय छातीखालचा पडदा वर ढकलते, त्यातच प्राणवायूची गरज वाढलेली असते. म्हणून तिला धाप लवकर लागते आणि अकाली प्रसूतीचे भयही असते.

खूण अशी : ताप उतरतो, बरे वाटू लागते आणि काही दिवसांनी थंडी वाजून तो पुन्हा चढतो. छातीत टोचते, पिवळट बेडका पडतो, श्वास अपुरा वाटतो. बाळाची हालचाल मंदावली तर अधिकच सावध व्हावे. अशा वेळी सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. कपाटातील उरलेल्या गोळ्या देऊ नयेत. प्रतिजैविके विषाणूवर चालत नाहीत आणि त्यांतील काही गर्भावस्थेत वर्ज्य आहेत. फ्लूवरील विषाणुरोधक औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झाल्यास सर्वाधिक उपयोगी पडते. तापात शरीरातील पाणी घटते, तेव्हा गर्भवतीला चौविहाराचा आग्रह करू नये, असेही नम्रपणे सुचवावेसे वाटते.

जागतिक आरोग्य संघटना गर्भवतींसाठी फ्लूच्या निष्क्रिय विषाणूच्या लसीची शिफारस करते. सहा महिन्यांखालील बाळाला ही लस देता येत नाही. आईची प्रतिपिंडेच नाळेवाटे त्याच्यापर्यंत पोहोचतात. दिवसभर गल्ल्यावर बसून शंभर गिऱ्हाइकांशी बोलणाऱ्या सासरे-दिरांनीही ती टोचून घेतली, तर ताप उंबरठ्याच्या आत येण्याचा एक मार्ग तरी अरुंद होतो.