मॅनेजर बदलून संघ जिंकतो का?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

२०२२ च्या उन्हाळ्यात आम्ही दोघं लेकीकडे फिलाडेल्फियाला होतो. घरात त्या वेळी एकच विषय चालू होता. शहराचा बेसबॉल संघ, फिलाडेल्फिया फिलीज, पहिल्या ५१ सामन्यांपैकी २९ सामने हरला होता. ३ जूनला बातमी आली, की संघाचे मॅनेजर जो जिरार्डी यांना काढून टाकलं आणि त्यांचेच सहायक रॉब थॉमसन यांना त्या जागी नेमलं. जावई खूश. मला म्हणाले, "बाबा, हे महिनाभर आधीच व्हायला हवं होतं." मी आयुष्यभर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलेलं. मी म्हटलं, "निखिलराव, खेळाडू तेच आहेत ना? मग काही फरक पडायचा नाही."

दोनच दिवसांनी, रविवारी, ते मला सामना बघायला घेऊन गेले. समोर लॉस एंजलिस एंजल्सचा संघ होता. फिलीज हरत आलेले. आठव्या डावात तीनही तळांवर खेळाडू उभे असताना ब्राइस हार्परने चेंडू थेट प्रेक्षकांत भिरकावला. एका फटक्यात चार धावा आणि बरोबरी! नवव्या डावात एंजल्सने पुन्हा एक धाव पुढे काढली, तर शेवटी ब्रायसन स्टॉट या नवख्या मुलाने होमरन मारून सामना जिंकून दिला. ९ विरुद्ध ७. शेजारच्या अनोळखी माणसाने मला मिठी मारली. थॉमसन यांनी पहिले आठही सामने जिंकले आणि उरलेल्या १११ सामन्यांपैकी ६५. ऑक्टोबरात संघ थेट वर्ल्ड सीरिजच्या अंतिम झुंजीत पोचला. शेवटी ह्यूस्टनकडून हरला, पण पोचला. आम्ही तोवर परतलो होतो. जावयांचा फोन आला, "काय बाबा, काय म्हणतं तुमचं संख्याशास्त्र?"

तेव्हा मी हसून वेळ मारून नेली. आज त्या प्रश्नाचं नीट उत्तर द्यायचा प्रयत्न करतो.

आधी हा मॅनेजर म्हणजे कोण, ते सांगायला हवं. क्रिकेटमध्ये गोलंदाज बदलायचा, क्षेत्ररक्षण लावायचं, हे कर्णधार मैदानावर ठरवतो. बेसबॉलमध्ये ती सत्ता मैदानाबाहेर बाकावर बसलेल्या मॅनेजरकडे असते. तोही खेळाडूंसारखाच गणवेश घालून बसतो. फलंदाजीचा क्रम, चेंडू फेकणाऱ्या पिचरला कधी बसवायचं, त्याच्या जागी कोणाला आणायचं, हे सगळं तो ठरवतो. पण संघात कोण असावं हे तो ठरवत नाही. खेळाडू विकत घेणारे, करार करणारे अधिकारी वेगळे असतात. म्हणजे किराणा दुसऱ्याने भरायचा, स्वयंपाक याने करायचा आणि जेवण बिघडलं तर बोलणी यानेच खायची.

दुसरी गोष्ट सामन्यांच्या संख्येची. अमेरिकेतल्या मुख्य स्पर्धेत ३० संघ आहेत आणि प्रत्येक संघ मोसमात १६२ सामने खेळतो. एप्रिल ते सप्टेंबर, जवळजवळ रोज. अव्वल संघसुद्धा साठेक सामने हरतो. त्यामुळे हरणं हा इथे अपघात नाही, तो रोजच्या कामाचा भाग आहे. प्रश्न एवढाच, की किती हरणं म्हणजे काहीतरी बिघडलंय?

इथे एक साधा प्रयोग सांगतो. एक नाणं घ्या आणि पन्नास वेळा उडवा. छापा म्हणजे जिंकलो, काटा म्हणजे हरलो. सरासरी पंचवीस छापे पडायला हवेत. पण हाच प्रयोग तीस घरांत केला, तर त्यातल्या सुमारे तीन घरांत वीस किंवा त्याहून कमी छापे पडतील. नाण्यात खोट नाही, उडवणाऱ्यात नाही. गणितच तसं आहे. आता त्या तीन घरांत उडवणारा माणूस बदला आणि पुन्हा पन्नास वेळा उडवा. बहुतेक घरांत छापे वाढलेले दिसतील आणि नवा माणूस कॉलर ताठ करून फिरेल! टोकाला गेलेली गोष्ट पुढच्या वेळी बहुधा सरासरीकडे सरकते. फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८८६ मध्ये आईवडिलांच्या आणि मुलांच्या उंचीचा अभ्यास करताना हे मांडलं. फार उंच आईबापांची मुलं उंच असतात, पण सहसा तेवढी नाहीत.

फिलीजचं गणित याच मापाने करून पाहिलं. निम्मे सामने जिंकण्याची ताकद असलेला संघही पहिल्या ५१ पैकी २२ किंवा त्याहून कमी सामने जिंकेल, असं पाचात एकदा नुसत्या नशिबाने होतं. शिवाय जावई जे सांगायला विसरले तेही सांगतो. जिरार्डींच्या हाताखालचा शेवटचा सामना फिलीज जिंकले होते. विजयाची मालिका त्यांच्यासमोरच सुरू झाली होती. आणि थॉमसन यांचे पहिले तीन विजय ज्या एंजल्सवर मिळाले, तो संघ फिलाडेल्फियात उतरला तेव्हा आधीच सलग आठ सामने हरलेला होता.

त्या एंजल्सचं पुढे काय झालं? हा या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग आहे आणि तो कोणी सांगत नाही. त्यांनी मोसमाची सुरुवात झकास केली होती, ४४ पैकी २७ विजय. मग ओळीने बारा पराभव. ७ जूनला, म्हणजे जिरार्डींनंतर चारच दिवसांनी, त्यांनीही आपले मॅनेजर जो मॅडन यांना काढलं. जिरार्डींनी २००९ मध्ये न्यूयॉर्क यांकीजला आणि मॅडन यांनी २०१६ मध्ये शिकागो कब्जला अजिंक्यपद मिळवून दिलेलं. दोघंही नावाजलेले, एकाच आठवड्यात घरी. एंजल्सकडे शोहेई ओहतानी आणि माइक ट्राउट असे दोन असामान्य खेळाडू होते. नवे मॅनेजर फिल नेव्हिन आले आणि संघ आणखी दोन सामने हरला. पराभवांची माळ तुटली ती ९ जूनला. त्या दिवशी ओहतानीने स्वतः पिचिंग केलं आणि होमरनही मारला. उरलेल्या १०६ सामन्यांत नेव्हिन यांना ४६ विजय मिळाले. मॅडन यांच्यापेक्षाही कमी प्रमाण.

म्हणजे एकाच आठवड्यात, एकच औषध, दोन रोगी. एक उठून धावला, दुसरा होता त्याहून खालावला. आपण धावणाऱ्याचीच गोष्ट लक्षात ठेवतो.

जुनी उदाहरणंही हेच सांगतात. १९८८ मध्ये बाल्टिमोर ओरिओल्स संघ पहिले सहा सामने हरला. मालकांनी मॅनेजर कॅल रिपकेन सीनियर यांना लगेच काढलं. गंमत म्हणजे त्यांचे दोन मुलगे त्याच संघात खेळत होते. त्यांच्या जागी फ्रँक रॉबिन्सन यांच्यासारखा थोर खेळाडू आला. संघ आणखी पंधरा सामने हरला, एकूण ओळीने एकवीस! मोसमाअखेर ५४ विजय, १०७ पराभव. संघच कच्चा होता, तिथे रॉबिन्सन काय करणार?

आणि केसी स्टेंगेल? १९४९ ते १९६० या बारा वर्षांत यांकीजला त्यांनी दहा वेळा अमेरिकन लीगचं विजेतेपद आणि सात वेळा वर्ल्ड सीरिज मिळवून दिली. १९६२ मध्ये तेच स्टेंगेल न्यूयॉर्क मेट्स या नव्या संघाचे मॅनेजर झाले आणि १६० पैकी १२० सामने हरले. माणूस तोच, डोकंही तेच. हाताखालचे खेळाडू वेगळे.

न काढल्याचंही एक उदाहरण बघा. २०१९ मध्ये वॉशिंग्टन नॅशनल्सने पहिल्या पन्नासपैकी ३१ सामने गमावले. डेव्ह मार्टिनेझ यांना काढा, असा गावभर ओरडा झाला. पण संघाचे काही महत्त्वाचे खेळाडू जायबंदी होते. ट्रे टर्नर हा भरवशाचा खेळाडू तर बोट मोडल्याने सहा आठवडे बाहेर होता. व्यवस्थापनाने दम धरला. संघाने पुढच्या ११२ पैकी ७४ सामने जिंकले आणि त्याच वर्षी वर्ल्ड सीरिजही जिंकली. मेमध्ये मार्टिनेझ यांना काढलं असतं आणि नंतर हेच घडलं असतं, तर आज नव्या मॅनेजरच्या नावाने पोवाडे गायले गेले असते. (मार्टिनेझ यांनाही पुढे जुलै २०२५ मध्ये काढण्यात आलं. पण तोवर सहा वर्षं गेली होती.)

मग मालक मॅनेजरलाच का काढतात? कारण सोपं आहे. संघात २६ खेळाडू, त्यांचे करार पक्के. काढलं तरी पैसे द्यावेच लागतात. त्या मानाने एक माणूस बदलणं स्वस्त पडतं. प्रेक्षकांनाही वाटतं, चला, काहीतरी केलं.

हे मी तावातावाने सांगतोय, कारण असं 'काहीतरी करणं' मी स्वतः केलेलं आहे. फार वर्षांपूर्वी मी एका शाळेच्या संचालक मंडळावर होतो. एका वर्षी दहावीचा निकाल ७८ टक्क्यांवरून ६६ वर आला. सभेत गरमागरमी झाली आणि आम्ही मुख्याध्यापकांना पद सोडायला लावलं. हात वर करणाऱ्यांत मी होतो. पुढच्या वर्षी निकाल ७७ टक्के लागला. आम्ही पेढे वाटले. पुढे एकदा सहज मागच्या दहा वर्षांचे निकाल कागदावर मांडले, तर ते पासष्ट आणि ऐंशीच्या मध्येच वरखाली होत होते. वर्गात मुलं पन्नास. बारा टक्के म्हणजे सहा मुलं! सहा मुलांसाठी आम्ही एका माणसाची अठ्ठावीस वर्षांची नोकरी डागाळली होती. ते सर मला एकदा एसटी स्टँडवर भेटले. म्हणाले, "निकाल सुधारला ऐकून बरं वाटलं. ती मुलं नववीत माझ्याकडेच होती." बोलण्यात टोमणा नव्हता. म्हणूनच ते अजून लागतं. वर्गात हे गणित मी वर्षानुवर्षं शिकवलं आणि सभेत विसरलो.

तेव्हा कधीच कोणाला काढू नये का? तसंही नाही. काढण्याआधी तीन प्रश्न विचारावेत, असं मला वाटतं.

पहिला, अपयश नशिबाने येऊ शकेल त्याहून मोठं आहे का? बेसबॉलमध्ये याला एक सुंदर मोजपट्टी आहे. ती बिल जेम्स यांनी काढली. हे गृहस्थ एके काळी कॅन्सासमध्ये डबाबंद पदार्थांच्या कारखान्यात रात्रीचा पहारा करत आणि फावल्या वेळात बेसबॉलचे आकडे मांडत. त्यांचं म्हणणं, जिंकलेले सामने मोजू नका, धावा बघा. काढलेल्या धावांचा वर्ग करा, दिलेल्या धावांचा वर्ग करा. या दोन वर्गांच्या बेरजेत पहिल्या वर्गाचा जेवढा वाटा, साधारण तेवढा विजयांचा वाटा असतो. समजा, पन्नास सामन्यांत संघाने २२० धावा काढल्या आणि २४० दिल्या. या हिशेबाने त्याने तेवीसेक सामने जिंकायला हवेत. प्रत्यक्षात अठराच जिंकले असतील, तर तो थोड्या थोड्या फरकाने हरतोय. त्यात नशीब बरंच असतं. ते पुढे पालटण्याची शक्यता जास्त.

दुसरा प्रश्न, जे बिघडलं ते त्या माणसाच्या हातात होतं का? दुखापती त्याच्या हातात नाहीत, खेळाडूंची खरेदीही नाही. पण दमलेल्या पिचरला मैदानावर ठेवणं, तरुणांना बाकावर कुजवणं, संघातलं वातावरण बिघडवणं, हे त्याच्या हातात आहे.

तिसरा, आणि माझ्या मते सर्वात महत्त्वाचा. नवा माणूस उद्या सकाळी नेमकं काय वेगळं करणार? याचं उत्तर "निदान बदल तरी होईल" असं असेल, तर काढू नये.

या तीन प्रश्नांवर फिलीजचा निर्णय घासून पाहिला, तर पहिल्यावर तो लंगडा पडतो. ५१ सामन्यांचं अपयश नशिबाने येण्याइतपतच होतं. पण संघ महागडा आणि गुणी होता, म्हणजे किराणा चांगला भरलेला होता. आणि तिसऱ्या प्रश्नाला तिथे उत्तर होतं. थॉमसन संघाला आतून ओळखत होते. ते शांत स्वभावाचे. त्यांनी तरुण खेळाडूंना नियमित खेळवलं. त्या रविवारी सामना जिंकून देणारा स्टॉट त्यातलाच. पुढे हार्परचा अंगठा मोडला आणि तो दोन महिने बाहेर होता, तरी संघ टिकला.

म्हणून परवा जावयांना फोनवर सांगितलं, "निखिलराव, काही फरक पडायचा नाही, हे माझं म्हणणं चुकलं. फरक पडला असेल. पण सगळा फरक थॉमसन यांनीच पाडला, हे तुम्हीही सिद्ध करू शकत नाही. तो मोसम जिरार्डींना घेऊन पुन्हा कोण खेळवणार?"

पलीकडे क्षणभर शांतता. मग म्हणाले, "बाबा, पण त्या दिवशी स्टॉटच्या होमरनला तुम्हीही खुर्चीवर चढून ओरडत होतात."

ते मात्र खरं आहे.