उपयोगितेचा दाखला

गेल्या चैत्रातली गोष्ट. माझी आत्या चार दिवस आमच्याकडे राहायला आली. आत्या म्हणजे चौतीस वर्षे शाळेत मराठी व्याकरण शिकवून निवृत्त झालेली बाई. मी कॉलेजात मराठीचा प्राध्यापक झालो, तरी माझ्या पत्रांतले ऱ्हस्वदीर्घ ती अजून लाल शाईने दुरुस्त करून परत पाठवते. तीन वर्षांपूर्वी तिला अर्धांगाचा झटका आला आणि व्हीलचेअर नशिबी आली. पाय थांबले, जीभ मात्र पूर्वीइतकीच चालते.

पहिल्याच संध्याकाळी ती म्हणाली, "अरे, तुमच्या गावात नवी बाग झाली म्हणतात. दाखव की!"

बाग घरापासून पाच मिनिटांवर. मी रोज सकाळी तिथे चार फेऱ्या मारतो. मोठ्या उत्साहाने आत्याची खुर्ची ढकलीत निघालो. दारावर पाटी होती : 'शासकीय अनुदानातून विकसित. सर्वांसाठी खुले.' आणि पाटीखाली एका वेळी एकच माणूस आत सोडणारे ते फिरते लोखंडी फाटक! खुर्ची तिथेच अडली.

पहारेकरी धावत आला. "साहेब, अपंगांसाठी रॅम्प आहे ना मागच्या बाजूला!"

वळसा घालून मागे गेलो. रॅम्प होता, त्याला पिवळा कठडाही होता. पण चढ असा, की खुर्ची वर नेताना आम्हा दोघांचीही छाती भरून आली. वर पोचलो, तर दाराला कुलूप. किल्ली मुकादमाकडे आणि मुकादम रजेवर.

पहारेकरी भला माणूस. म्हणाला, "आजी, मी उचलून आत नेतो तुम्हाला."

"नको रे बाबा," आत्या म्हणाली, "माणसाला उचलून न्यायची वेळ एकदाच येते. तोवर मला चाकांवरच जाऊ दे."

आम्ही मुकाट्याने परतलो. घरी चहा घेताना तिने सहज विचारले, "ते फिरतं फाटक कुणाच्या डोक्यातून निघालं रे?"

मी कपात बघत राहिलो. दोन वर्षांपूर्वी बागेत मोटारसायकली शिरू लागल्या, तेव्हा आम्ही सकाळच्या फिरणाऱ्या मंडळींनी नगरपालिकेला अर्ज दिला होता. त्या अर्जाचा मसुदा माझाच होता. त्याच्या भाषेचे कौतुकही झाले होते.

दुसऱ्या दिवशी कचेरीत गेलो. टेबलापलीकडे माझाच एक जुना विद्यार्थी निघाला. त्याने आदराने फाईल पुढे केली. फाईल अगदी नेटकी! 'रॅम्प : एक. काम पूर्ण.' सोबत ताज्या रंगाच्या कठड्याचे छायाचित्र आणि शेवटी उपयोगिता प्रमाणपत्र.

"सर, कागदोपत्री काहीच कमी नाही," तो म्हणाला. ते खरेच होते.

आता थोडे कायद्याविषयी. वाचकांनी कंटाळू नये. उद्या आपल्या सर्वांनाच हा विषय लागणार आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ साली झाला आणि एप्रिल २०१७ मध्ये अमलात आला. त्यातल्या 'सार्वजनिक इमारत' या व्याख्येत विरंगुळ्याच्या आणि करमणुकीच्या वास्तूही येतात. कलम ४४ सांगते, की नियमांप्रमाणे सोय नसेल तर बांधकामाला परवानगी नाही आणि पूर्णत्वाचा दाखलाही नाही. कलम ४५ प्रमाणे जुन्या वास्तू नियम निघाल्यापासून पाच वर्षांत सुगम करायच्या होत्या. नियम जून २०१७ मध्ये निघाले. म्हणजे ती मुदत २०२२ मध्येच सरली. कायदा मोडल्यास पहिल्या खेपेला दहा हजारांपर्यंत दंड आणि पुढच्या खेपांना पन्नास हजारांपासून पाच लाखांपर्यंत.

हे मी आत्याला वाचून दाखवले, तेव्हा तिने चष्मा पुसत विचारले, "आज्ञार्थ आहे की विध्यर्थ?"

प्रश्न व्याकरणाचा होता, पण सर्वोच्च न्यायालयापुढेही जवळजवळ हाच प्रश्न होता. राजीव रतुरी या दृष्टिहीन गृहस्थांनी २००५ साली केलेल्या याचिकेत ८ नोव्हेंबर २०२४ रोजी निकाल झाला. मूळ कायदा 'केलेच पाहिजे' म्हणतो आणि त्याखालचा पंधरावा नियम ज्या मार्गदर्शक तत्त्वांकडे बोट दाखवतो ती मात्र 'करावे' म्हणतात, ही विसंगती न्यायालयाने दाखवून दिली. तो नियम कायद्याशी विसंगत ठरवला आणि किमान बंधनकारक नियम तीन महिन्यांत वेगळे काढा, असे केंद्र सरकारला सांगितले.

अनुदानाचे गणित निराळे. उदाहरणार्थ, २०१५ साली पाचशे शहरांसाठी सुरू झालेली अमृत योजना घ्या. तिच्यात बागा आणि हिरव्या जागांसाठी निधी होता आणि केंद्राचा पैसा वीस, चाळीस, चाळीस टक्के अशा तीन हप्त्यांनी यायचा. पुढचा हप्ता हवा तर आधीच्या पैशाचे उपयोगिता प्रमाणपत्र हवे. केंद्राच्या २०१७ च्या वित्तीय नियमांतल्या या प्रमाणपत्राच्या नमुन्यात एक सुंदर वाक्य आहे : ज्या अटींवर अनुदान मंजूर झाले त्या पाळल्या गेल्याची मी स्वतः खात्री करून घेतली आहे, अशी सही अधिकाऱ्याने करायची असते.

स्वतः खात्री! पण आपण खात्री करतो ती पैसा वापरला गेल्याची. वस्तू वापरता येते की नाही, ते कोण पाहतो? उपयोग आणि उपयोगिता हे दोन शब्द आहेत. आमच्या कचेऱ्यांनी त्यांचा एकच अर्थ करून टाकला.

मी बायकोची शिवणाची टेप घेऊन रॅम्प मोजला. उंची दोन फूट, लांबी नऊ फूट. मार्गदर्शक तत्त्वांचे प्रमाण एकास बारा. म्हणजे लांबी चोवीस फूट हवी. मग नवा अर्ज लिहिला. त्यात पहिलीच ओळ अशी घातली, की फिरत्या फाटकाची मागणी करणाऱ्यांत मीही होतो आणि ती चूक होती.

पंधरा दिवसांनी एक तरुण अभियंता पाहणीला आला. आत्या तेव्हा पुन्हा आमच्याकडेच होती. ती पलंगावरून म्हणाली, "माझी खुर्ची घेऊन जा. त्यांना बसव तीत."

तो बिचारा हसत बसला. मी रॅम्पवर खुर्ची ढकलू लागलो. अर्ध्यावर माझा दम सरला आणि खुर्ची हातभर मागे घसरली. त्याने दोन्ही हातांनी कठडा पकडला. हसू मावळले. खाली उतरल्यावर त्याने काही न बोलता वहीत बराच वेळ लिहिले.

मागचे कुलूप त्याच आठवड्यात गेले. पुढच्या फिरत्या फाटकाशेजारी नऊशे मिलिमीटरची मोकळी वाट झाली. "आता पुन्हा मोटारसायकली येतील!" असे आमच्या मंडळींनी मला ऐकवले. पहारेकऱ्याचे स्टूल त्या वाटेशी आणून ठेवले, तेवढ्याने भागले. रॅम्प मात्र अजून तोच आहे. नव्याचे अंदाजपत्रक झाले, मंजुरी यायची आहे.

श्रावणात आत्या बागेत गेली. बकुळीखाली तासभर बसली. निघताना पाटीपाशी खुर्ची थांबवायला लावून तिने ती पुन्हा वाचली : 'सर्वांसाठी खुले.'

"शुद्धलेखन बरोबर आहे," ती म्हणाली. "अर्थ अजून निम्माच बरोबर आहे. रॅम्प झाला की मला बोलाव, बाकीचे गुण तेव्हा देईन."