बोरगावचा संत्रा, मातीचा पेला आणि कँतारितो

परवा बोरगावजवळच्या एका बागेतून बारीक संत्र्यांची पिशवी मिळाली. मंडईत या फळाला भाव नाही, पण रसाला तोड नाही. लगेच कँतारितो केलं.

मार्गारिटा सगळ्यांना माहीत असते. कँतारितो मात्र मेक्सिकोच्या हालिस्को राज्यातलं, मातीच्या भांड्यात प्यायचं पेय. टकिलाही मुख्यतः तिथलीच. ती निळ्या अगावेच्या गड्ड्यापासून होते. आपल्याकडे बांधावर दिसणारं घायपात, म्हणजे केकताड, त्याच कुळातलं. (त्याचा कच्चा चीक अंगाला खाजतो, प्रयोग करू नका!)

मातीचा पेला दहा मिनिटं पाण्यात भिजवा. कडेला लिंबू फिरवून मीठ-तिखट लावा. आत बर्फ, ६० मिली टकिला, ६० मिली संत्र्याचा रस, ३० मिली पपनसाचा रस, १५ मिली लिंबाचा रस, चिमूटभर मीठ. वरून सोडा. पपनस नसेल तर मोसंबी घ्या, लिंबू थोडं वाढवा.

एक गोष्ट खूप महत्त्वाची. आपल्या नागपुरी संत्र्याचा रस काढून ठेवला की कडू होतो. त्यात लिमोनिन हे कडू द्रव्य हळूहळू तयार होतं. बिया चिरडल्या तर आणखीच. म्हणून फोडी सोलून, बिया काढून, हातानं पिळा आणि लगेच वापरा. मिक्सर नकोच.

टकिला न घालताही हे सुरेख लागतं. माझ्या घरी मुलं तसंच पितात. ओल्या मातीचा वास आधी येतो, मग संत्र्याचा.

मृग बहाराच्या संत्र्यांचं कँतारितो कुणी करून पाहिलंय का? काही अडलं तर विचारा.