सेकंदाचा साठावा भाग

सुपर मारिओ सुरू केला की पडद्याच्या वरच्या पट्टीत एक बारकं नाणं लुकलुकत असतं. किती नाणी गोळा झाली तो आकडा त्याच्या शेजारी. खेळणाऱ्याचं सगळं लक्ष खालच्या खड्ड्यांकडे आणि कासवांकडे. नाण्याकडे कोण बघतंय? पण अख्खा खेळ त्या नाण्यावर टांगलेला आहे.

हा खेळ १९८५ सालचा. ज्या निन्टेन्डो यंत्रासाठी तो लिहिला, त्यातली चित्राची चिप टीव्हीवर वरून खाली, एकेक ओळ करत चित्र उतरवायची. मारिओ पळाला की खालचं जग मागे सरकायला हवं, वरची गुणांची पट्टी मात्र जागची हलता कामा नये. एकाच चित्राचे असे दोन भाग करायची सोय त्या चिपमध्ये नव्हती. मग खेळ लिहिणाऱ्यांनी नाण्याच्या तळाशी, त्याच्या आड, एक चिमुकलं चित्र दडवलं. ओळी काढत काढत चिप तिथे पोहोचली की तिच्या आत एक खूण उमटते. प्रोसेसर तेवढ्यासाठी डोळ्यांत तेल घालून बसलेला असतो: उमटली का? उमटली का? उमटली, की तो सरकण्याचा आकडा लगेच बदलतो. तिथून खालचं जग सरकतं, वरची पट्टी जागेवर राहते. सेकंदाला साठ वेळा हाच प्रकार.

हाच खेळ आज मोबाइलवर किंवा हातात मावणाऱ्या गेमयंत्रावर चालतो तो इम्युलेटरमुळे. इम्युलेटर म्हणजे जुन्या यंत्राचं सोंग घेणारा प्रोग्राम. जुना प्रोसेसर, चित्राची चिप, आवाज, रिमोटची बटणं, सगळ्यांची कामं तो एकटा करतो; ती नाण्यामागची खूणसुद्धा त्यालाच उमटवावी लागते. खूण उशिरा उमटली तर चित्र भलतीकडेच दुभंगतं. उमटलीच नाही तर प्रोसेसर विचारत बसतो आणि खेळ जागीच गोठतो. म्हणजे नुसतं जोरात पळून भागत नाही, जुन्या यंत्राची वेळ पाळत पळावं लागतं. इम्युलेटरचा वेग वाढवण्यातली सगळी गंमत या एका अटीत आहे.

हिशेब बघा. त्या यंत्राचा प्रोसेसर सेकंदाला सुमारे १७.९ लाख ठोक्यांवर चालायचा, चित्राची चिप त्याच्या तिप्पट वेगाने. जपान-अमेरिकेच्या टीव्हीवर सेकंदाला ६० चित्रं उमटायची. म्हणजे एका चित्राच्या वाट्याला प्रोसेसरचे सुमारे २९,७८० ठोके आणि चिपचे ८९ हजारांवर. इम्युलेटरने हे सगळं १६.७ मिलिसेकंदांत उरकायचं, मग पुढचं चित्र. आमच्या कळंबच्या बाजूला, इंदापूर तालुक्यात, कालव्याचं आवर्तन सुटलं की ज्याची त्याची पाण्याची पाळी ठरलेली असते. आपल्या वेळेत ऊस भिजला तर भिजला. वेळ संपली की पाणी पुढच्याच्या रानात जाणार. इम्युलेटरची पाळी सेकंदाच्या साठाव्या भागाची. चुकली की चित्र अडखळतं आणि आवाज फाटतो.

यावर कुणीही म्हणेल, आजच्या चिपांपुढे १७.९ लाख ठोके म्हणजे काय? स्वस्तातल्या हँडहेल्डमध्ये, म्हणजे हातातल्या गेमयंत्रात, सर्रास सापडणारी आरके३३२६ ही चिप घ्या. तिच्यात चार प्रोसेसर, प्रत्येक १.३ ते १.५ गिगाहर्ट्झचा. म्हणजे जुन्या यंत्राच्या सात-आठशे पट. पण जुन्या प्रोसेसरची एक आज्ञा वठवायला नव्याला बरीच कामं करावी लागतात: आज्ञा वाचायची, ती कोणती ते ओळखायचं, मेमरीचा पत्ता खरा कुठे पडतो ते शोधायचं, काम करायचं, किती ठोके गेले ते मोजायचं, आणि तेवढ्या वेळात चित्राची चिप कुठवर आली तेही बघायचं. शिवाय यंत्र जितकं अलीकडचं, तितकी ही श्रीमंती आटत जाते. प्लेस्टेशनचा प्रोसेसर सुमारे ३४ मेगाहर्ट्झचा. त्याच्यापुढे आपली चिप चाळीसेक पट. निन्टेन्डो ६४चा जवळजवळ ९४ मेगाहर्ट्झचा. तिथे जेमतेम पंधरा पट. तेवढ्यात सगळा संसार भागवायचा.

त्याहूनही कमी भांडवलावर हा संसार करून दाखवलेला आहे. २००१ साली गेमबॉय अॅडव्हान्स हे हातातलं गेमयंत्र बाजारात आलं. त्याचा प्रोसेसर १६.७८ मेगाहर्ट्झचा, म्हणजे मारिओच्या यंत्राच्या फक्त नऊ पट. जुन्या यंत्राचा एक ठोका वठवायला नव्याचे नऊ ठोके, बस्स. तरीही लूपी आणि फ्लूबा या टोपणनावांनी काम करणाऱ्या प्रोग्रामरांनी त्याच्यावर पॉकेटनेस नावाचा इम्युलेटर चालवून दाखवला. कसा?

पहिली युक्ती: सगळं काम थेट प्रोसेसरच्या भाषेत, असेम्ब्लीत लिहायचं आणि जुन्या प्रोसेसरचे आकडे नव्याच्या स्वतःच्या रजिस्टरांतच, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्याच खणांत, ठेवायचे. मेमरीपर्यंत हेलपाटा नाही.

दुसरी युक्ती चित्राची. जुनी चिप आठ बाय आठ ठिपक्यांच्या टाइल जोडून चित्र बनवायची. गेमबॉय अॅडव्हान्सची चिपही टाइलच जोडते. मग ठिपका ठिपका हाताने कशाला रंगवायचा? जुनी टाइल एकदा नव्या साच्यात बदलून घ्यायची आणि 'ही इथे लाव' एवढंच सांगायचं. चित्र काढण्याचा बहुतेक भार आयता दुसऱ्याच्या खांद्यावर जातो.

तिसरी युक्ती मला सगळ्यांत आवडते. सुपर मारिओचा मुख्य प्रोग्राम उघडून पाहिला तर सुरुवातीची जुळवाजुळव झाली की शेवटी एकच आज्ञा उरते: 'याच आज्ञेवर परत जा.' बस. खरा सगळा खेळ, म्हणजे मारिओची उडी, कासवांची चाल, संगीत, हे दर चित्रामागे चिप एकदा प्रोसेसरला हाक मारते तेव्हा होतं. ते उरकलं की प्रोसेसर पुढची हाक येईपर्यंत त्या एका आज्ञेवर गरगर फिरत राहतो. नाण्यामागच्या खुणेची वाट पाहणं हीसुद्धा अशीच एक गिरकी. भाबडा इम्युलेटर हे निरर्थक फिरणंही इमानदारीने वठवत बसतो. हुशार इम्युलेटर ओळखतो की हा नुसता वाट बघतोय, आणि घड्याळ थेट पुढच्या हाकेपर्यंत सरकवतो. काम शून्य, वेळ मात्र अचूक. वेग वाढला तो न करण्याच्या कामातून.

न करण्याची ही कला पुढेही जाते. जुना प्रोसेसर जवळजवळ प्रत्येक आकडा हाताळला की दोन गोष्टी टिपून ठेवायचा: तो शून्य आहे का, आणि ऋण आहे का. बहुतेक वेळा पुढे त्या टिपणाकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. मग इम्युलेटर टिपण करतच नाही. आकडा तेवढा बाजूला ठेवतो आणि कुणी विचारलंच तर तेव्हा बघतो.

जिथे एवढ्यानेही भागत नाही तिथे भाषांतर करावं लागतं. पीएसपी या हातातल्या गेमयंत्राचा प्रोसेसर जास्तीत जास्त ३३३ मेगाहर्ट्झचा आणि गेमबॉय अॅडव्हान्सहून निराळ्याच भाषेचा. २००६ साली एक्झोफेज या टोपणनावाच्या प्रोग्रामरने त्याच्यावर गेमबॉय अॅडव्हान्सचे खेळ चालवणारा जीपीएसपी हा इम्युलेटर काढला. तो एकेक आज्ञा दर वेळी नव्याने समजून घेत बसत नाही. खेळातला एखादा तुकडा पहिल्यांदा समोर आला की तो सगळाच पीएसपीच्या भाषेत उतरवून ठेवतो, आणि दुसऱ्या वेळेपासून तो उतारा थेट चालवतो. खेळात तेच तेच तुकडे सेकंदाला शेकडो वेळा येतात, त्यामुळे पहिल्या खेपेचा खर्च कधीच वसूल होतो. खाचखळगेही आहेत: काही खेळ चालता चालता स्वतःच्याच आज्ञा बदलतात. तसं झालं की जुना उतारा फेकून नवा करावा लागतो, आणि तसं झालंय हे लक्षात येणं हेच अवघड.

या सगळ्या पळवाटांची किंमत कुठेतरी मोजावी लागते. वाट बघण्याची गिरकी ओळखताना चूक झाली तर एखादा खेळ भलत्याच जागी बिघडतो. म्हणून याच्या अगदी उलट टोकाला बीस्नेस हा इम्युलेटर उभा राहिला. सुपर निन्टेन्डोचा प्रोसेसर जास्तीत जास्त ३.५८ मेगाहर्ट्झचा, पण त्याचा ठोका न् ठोका जसाच्या तसा वठवायचा म्हणून बीस्नेसच्या कर्त्याने २०११ साली सुमारे ३ गिगाहर्ट्झचा संगणक लागेल असं मांडलं होतं. एकाच जुन्या यंत्रासाठी कुणी फाटक्या खिशाने चालतो, कुणी तिजोरी रिकामी करतो. हँडहेल्डवरचा इम्युलेटर या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी बसतो.

पूर्वी फोनांची ताकद कमी पडायची तेव्हा सरळ दर दुसरं चित्र गाळायचे. खेळाचा हिशेब पूर्ण व्हायचा, नुसतं रंगवणं टळायचं. डोळा तेवढं खपवून घेतो. कान नाही. आवाजात क्षणाचा खंड पडला तरी टक्कन लागतं. म्हणूनच कित्येक इम्युलेटर आवाजाच्या घड्याळाकडे बघून चालतात. तिथेही एक मेख आहे. मूळ यंत्र सेकंदाला नेमकी ६० नाही, ६०.१ च्या जवळपास चित्रं काढायचं, आणि हँडहेल्डचा पडदा ६० दाखवतो. दर दहाएक सेकंदांनी एक चित्र जास्तीचं उरतं. वेगवेगळे इम्युलेटर एकाच छताखाली चालवणाऱ्या रेट्रोआर्च या प्रोग्रामने यावर काढलेला तोडगा असा की आवाजच किंचित ताणायचा किंवा आवळायचा, अर्ध्या टक्क्याच्या आत. स्वरातला एवढा फरक कुणाच्या कानाला कळत नाही आणि चित्र सरळ चालतं.

एवढी काटकसर करून जी ताकद उरते तिचं काय करायचं? रेट्रोआर्चने २०१८ साली तिचा भन्नाट उपयोग केला. बटण दाबल्यापासून मारिओ हलेपर्यंत खेळाच्या आतच एखाद्या चित्राचा उशीर असतो, त्यात पडद्याचा उशीर मिळतो. मग इम्युलेटर काय करतो, की सगळ्या यंत्राची स्थिती जशीच्या तशी जपून ठेवतो, पुढचं चित्र गुपचूप काढून घेतो, ते आपल्याला दाखवतो, आणि जपलेल्या स्थितीवर परत येतो. आपण बघतो ते यंत्राच्या दृष्टीने अजून घडलेलंच नसतं. दर चित्रामागे काम दुप्पट, पण बटण हाताला ताबडतोब लागतं.

आता आमच्याकडची गोष्ट. भाच्याने कळंबला आल्यावर नवा हँडहेल्ड माझ्या हातात दिला. मारिओ लावला आणि दोन मिनिटांत मी खड्ड्यात.

"अरे, हा फार पळतोय. कमी कर जरा."

"मामा, कोपऱ्यात बघा, साठच येतायत. एकदम बरोबर चाललाय."

आकडा खरंच साठ होता. आणि माझी तक्रारही खरी होती.

भारतातला टीव्ही पाल पद्धतीचा: ६२५ ओळी, आणि पडदा सेकंदाला ५० वेळा भरायचा. नव्वदीत आपण ज्यावर खेळलो ती लिट्ल मास्टरसारखी यंत्रं म्हणजे निन्टेन्डोच्या यंत्राच्या नकला. पाल टीव्हीसाठीच्या अशा नकला तैवानी चिपांवर बनायच्या. रशियात त्यांतलंच एक यंत्र डेंडी नावाने गाजलं. त्यांत एक मोठी खुबी होती. प्रोसेसर जवळजवळ मूळ वेगानेच ठेवलेला, सेकंदाला १७.७ लाखांवर ठोके. त्यामुळे संगीताची पट्टी एक टक्काच उतरायची. चित्रं मात्र ५०. खेळ चालतो चित्रांच्या तालावर, म्हणून अख्खा खेळ एक षष्ठांशाने संथ. आणि दर चित्रामागे ठोके २९,७८० च्या जागी ३५,४६४, म्हणजे प्रोसेसरला श्वास घ्यायला फुरसत जास्त. पडद्यावर शत्रूंची गर्दी झाली की जपानी यंत्राला जिथे धाप लागायची, तिथे ही यंत्रं कमी अडखळायची.

फरक आकड्यांत बघा. मारिओच्या पहिल्या पातळीत वेळेचा आकडा ४०० पासून उतरतो, आणि दर २४ चित्रांना एकाने कमी होतो. म्हणजे ९,६०० चित्रं. जपान-अमेरिकेतल्या पोराला १६० सेकंद मिळायचे. पाल नकलेवर खेळणाऱ्या पोराला १९२. बत्तीस सेकंदांची सवलत! आमची बोटं त्या तालावर तयार झाली. साठाचा खेळ आम्हाला पळताच वाटणार.

यावरही इलाज आहे. एफसीईयूएमएम किंवा नेस्टोपिया हे इम्युलेटर वापरत असाल तर सेटिंगमध्ये यंत्राचा प्रदेश निवडायची सोय आहे, आणि त्या यादीत डेंडी हे नाव आहे. ते निवडलं की कोपऱ्यातला आकडा पन्नासवर येतो, संगीत रेंगाळतं, आणि मारिओची उडी आपल्या ओळखीची होते. भाच्याला तो खेळ बंद पडत चालल्यासारखा वाटला. मला पहिल्या झटक्यात तिसऱ्या पातळीपर्यंत जाता आलं. तेव्हा यापुढे कुणी 'इम्युलेटर स्लो आहे' किंवा 'फास्ट आहे' म्हणालं, तर सेटिंगला हात लावायच्या आधी एवढं विचारा: कुठल्या टीव्हीच्या मानाने?