प्लास्टिकच्या अक्षरांवरचा स्प्रे रंग : का बिघडतो, कसा सुधारायचा

मागे बसलेल्यांना आवाज येतोय ना? मग सुरू करू.

आजचा विषय तसा लहान आहे. दुकानाच्या बोर्डावर जी प्लास्टिकची उठावाची अक्षरं लावतात, त्यांच्यावर मारलेला स्प्रेचा रंग बिघडला तर काय करायचं, एवढंच. पण मढमध्ये हा विषय लहान राहत नाही. माळशेज घाट इथून जवळ. पाऊस सुरू झाला की कल्याण-नगर रस्त्यावर गाड्यांची रांग लागते, खिरेश्वरकडून हरिश्चंद्रगडाला जाणारी पोरं उतरतात. रस्त्याकाठच्या हॉटेलवाल्याची कमाई बरीचशी त्या दोन-अडीच महिन्यांतली. मग तो नवा बोर्ड कधी सांगतो? जून संपता संपता. म्हणजे रंगकामासाठी वर्षातले जे सगळ्यात वाईट दिवस, नेमके त्या दिवसांत.

त्यात कायद्याचीही भर पडली आहे. दुकाने व आस्थापना अधिनियमात २०२२ साली दुरुस्ती झाली. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठीत, देवनागरीत पाटी लावणं बंधनकारक झालं, आणि मराठी अक्षरं दुसऱ्या भाषेच्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मुंबईतल्या दुकानदारांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली होती. ते असो. आपण रंगाकडे येऊ.

आधी आमचीच फजिती सांगतो. अशाच एका जुलैत घाटरस्त्यावरच्या एका दादांच्या हॉटेलची अक्षरं आम्ही केली. पांढऱ्या सनबोर्डची, वर लाल रंग. बाहेर भुरभुर पाऊस, दुसऱ्या दिवशी बोर्ड लावायचा. पहिला हात दिला आणि पाच-दहा मिनिटांत लाल अक्षरांवर पीठ भुरभुरल्यासारखा पांढुरका थर आला. आम्ही काय केलं? त्यावर आणखी एक जाड हात मारला. रात्री त्याला सुरकुत्या पडल्या. तसंच नेऊन लावलं. आठवड्यानं दादांचा फोन : ‘अहो, मिसळीतला मि राहिला आणि सळ गळून पडला.’ (हशा) अक्षरं जागेवरच होती, रंगाचे पापुद्रे निघाले होते. हसू येतं, पण त्या माणसाचा ऐन हंगाम होता आणि गिऱ्हाईक लांबून बोर्ड वाचूनच गाडी थांबवतं.

त्या एका कामात तीन वेगवेगळे बिघाड होते आणि आम्ही तिघांवर एकच औषध केलं, वरून रंग. आज तुम्ही इथून एकच गोष्ट घेऊन जाणार असाल तर ती ही : बिघडलेल्या रंगावर लगेच रंग मारायचा नाही. बिघाड बहुतेक वेळा खालच्या थरात असतो.

असं का होतं? लाकूड रंग पितं. प्लास्टिक पीत नाही. त्यावर रंग दोनच तऱ्हांनी टिकतो. एक तर रंगातलं थिनर प्लास्टिकचा वरचा थर किंचित मऊ करतं आणि रंग त्यात रुततो. नाहीतर आपण घासून बारीक ओरखडे पाडतो आणि रंग त्यांना धरून बसतो. थिनर जास्त झालं तर तेच प्लास्टिकला खातं. म्हणून समोरचं अक्षर कशाचं आहे हे आधी ओळखायचं.

आपल्याकडे येणारी अक्षरं बहुतेक सनबोर्डची, म्हणजे फुगवलेल्या पीव्हीसीची, नाहीतर ॲक्रिलिकची असतात. लग्नाच्या मांडवातली थर्माकोलची. कधी कुणी पॉलिप्रॉपिलीनच्या पत्र्यातून कापून आणतं. तुकडा पाण्यात टाकून बघा. ॲक्रिलिक बुडतं, पॉलिप्रॉपिलीन तरंगतं. सनबोर्डही तरंगतो, पण त्याची कड कापली की आत बारीक जाळी दिसते, त्यावरून कळतो. पॉलिप्रॉपिलीनवर साधा रंग धरतच नाही, नखानं सालपटासारखा निघतो. त्यासाठी प्लास्टिकचा खास प्रायमर आधी लागतो, आणि तो डबा हाताशी नसेल तर ते काम घेऊ नये असं आमचं मत आहे. थर्माकोलवर स्प्रे थेट मारलात तर खड्डे पडतील. आधी भिंतीचा पाण्यातला इमल्शन रंग दोन हात द्या, वाळू द्या, मग स्प्रे.

आता तो पांढुरकेपणा. इथल्या पावसाळ्यात सगळ्यात जास्त हाच छळतो. रंगातलं थिनर उडून जाताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातं. हातावर स्पिरिट लावल्यावर गार वाटतं ना, तसंच. अक्षर भोवतालच्या हवेपेक्षा गार होतं. इकडे पिंपळगाव जोगा धरणाचं पाणी, तिकडून घाटातलं धुकं, हवा आधीच ओलीचिंब. त्या गार थरावर दव धरतं, गार पाण्याच्या तांब्यावर धरतं तसं, आणि ते ओल्या रंगात अडकतं. तेच पांढरं दिसतं. जितकं लवकर उडणारं थिनर, तितका हा त्रास जास्त.

यावर पहिला उपाय म्हणजे थांबणं. अक्षर घरात कोरड्या, उबदार जागी ठेवा. केस वाळवायचा ड्रायर हातभर लांबून फिरवा. थर अजून कोवळा असेल तर अडकलेलं पाणी निघून जातं आणि रंग पुन्हा उघडतो. नाही उघडला तर पूर्ण कडक होऊ द्या, बारीक वॉटर पेपरनं पाण्यात घासा, आणि पाऊस उघडलेल्या दुपारी, बंद खोलीत नाही, पण कोरड्या आडोशाला, पातळ हात द्या. अक्षरं आदल्या रात्रीपासून त्याच खोलीत ठेवलेली बरी. गार ओसरीतून आणून लगेच रंगवू नका. डबाही गार नको. कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवला तर फवारा बारीक येतो. कोमट म्हणजे कोमटच हं, डब्यावर ५० अंशांच्या वर नेऊ नका असं छापलेलं असतं. आत पेट घेणारा वायू असतो, तेव्हा चूल, शेगडी, उदबत्तीसुद्धा लांब ठेवा आणि तोंडाला मास्क लावा.

सुरकुत्यांचं कारण घाई. वरची साय वाळलेली, खालचा थर मऊ. नव्या हातातलं थिनर आत शिरतं, खालचा थर फुगतो आणि साय गोळा होते, दुधावर होते तशी. डब्यावर बघा, दुसरा हात ठरावीक वेळेच्या आत द्या नाहीतर एकदम एक-दोन दिवसांनी द्या असं लिहिलेलं असतं. मधल्या वेळेत हात लावायचा नाही. पडलेल्या सुरकुत्या मात्र घासूनच काढायच्या, दुसरा इलाज नाही.

ओघळ येतात ते जवळून मारल्यानं. वीत-सव्वा वीत अंतर ठेवा आणि हात अक्षराच्या बाहेर सुरू करून बाहेरच थांबवा. देवनागरीत एक वेगळी अडचण आहे, ती इंग्रजी बोर्डवाल्याला कळत नाही. ‘ढ’ची गाठ, ‘ळ’ची दोन पोटं, शिरोरेषा आणि काना जिथे मिळतात तो कोपरा, इथे रंग साठतो. म्हणून आधी या आतल्या कडा बाजूनं हलक्या फवाऱ्यानं घ्यायच्या, दर्शनी भाग शेवटी. आणि अनुस्वाराचे टिंब वेगळे निघतात, ते एका पट्टीवर चिकटवून रंगवा. वाऱ्यानं उडालेलं टिंब आम्ही गवतात अर्धा तास शोधलं आहे.

मध्येच गोल गोल डोळे पडले, रंग तिथून बाजूला सरकला, तर खाली तेल आहे. खोबरेल लावलेल्या डोक्यावरून फिरवलेला हातसुद्धा पुरतो. साबणाच्या पाण्यानं धुऊन पूर्ण वाळवा, मग अक्षर कडेनंच धरा. कोरड्या फडक्यानं जोरात पुसू नका, प्लास्टिकमध्ये वीज भरते आणि धूळ ओढून घेते.

ॲक्रिलिकचं मात्र जपून. लेझरनं कापताना कडेला उष्णतेचा ताण राहतो. त्यावर थिनर किंवा ॲसिटोन लागलं की कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडे जातात, कधी लगेच, कधी चार दिवसांनी. हे तडे दुरुस्त होत नाहीत, अक्षर नवीन कापावं लागतं. म्हणून ॲक्रिलिकवरचा फसलेला रंग थिनरनं पुसायचा नाही. पाण्यात घासून काढायचा. पारदर्शक ॲक्रिलिक असेल तर आम्ही रंग मागच्या बाजूनं देतो. पुढे चकाकी राहते, पाऊस रंगाला लागत नाही. फक्त कोणती बाजू मागची, ते आधी खडूनं लिहून ठेवा.

दादांच्या अक्षरांचं पुढे काय केलं ते विचारताय ना? सगळी उतरवली. दोन दिवस वाळू दिली, ३२०च्या आणि मग ६००च्या वॉटर पेपरनं घासली, धुतली, पिवळ्या बल्बखाली रात्रभर ठेवली. प्लास्टिक प्रायमरचा एक पातळ हात, लाल रंगाचे तीन पातळ हात. सोबत एक टाकाऊ तुकडाही तसाच रंगवला. तो पूर्ण वाळल्यावर त्यावर ब्लेडनं उभ्या-आडव्या रेघा मारल्या, चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढली. चौकोन निघाले नाहीत, तेव्हाच अक्षरं परत नेली. पैसे घेतले नाहीत, दादांनी मिसळ खायला घातली.

एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे : बोर्ड वर लागलेला आहे, एकाच अक्षराचा रंग गेलाय, वर चढूनच स्प्रे मारला तर? नको, ताई. वाऱ्यानं शेजारच्या अक्षरांवर तुषार जातील. ते एक अक्षर खाली उतरवा, घासा, रंगवा. जुना लाल उन्हानं फिका झालेला असतो, नवा त्याला जुळणार नाही, तेव्हा निदान त्या ओळीतली सगळी अक्षरं एकदम घ्या. उतरवण्याआधी मोबाइलवर फोटो काढा आणि प्रत्येकाच्या मागे क्रमांक घाला.