मोटर लावली, ब्रेकचं काय?

बोर व्याघ्र प्रकल्पाच्या वेशीवरच्या हिंगणीसारख्या गावात जुन्या सायकलीला मोटर बसवायची म्हटली, की चर्चा बॅटरी किती चालेल याचीच. वेग मात्र ताशी 15 वरून 25 किलोमीटर झाला, तर गतिज ऊर्जा पावणेतीन पटींहून जास्त होते, आणि ती सगळी ब्रेकलाच जिरवावी लागते. ओल्या रिमवर रबर घसरतं, शिवाय रिम वाकडी असली तर ब्रेक धड पकडत नाही. म्हणून मागच्या चाकाला डिस्क ब्रेक बसवायचा विचार करावा: डिस्क चिखलापासून उंच असते, रिमच्या वाकडेपणाशी तिला देणंघेणं नसतं.

थांबवण्याचं मुख्य काम पुढचाच ब्रेक करतो, मग मागे खर्च कशाला, असं कुणी म्हणेल. मुद्दा खरा आहे. पुढचा ब्रेक आधी ठणठणीत हवाच. पण कॅरिअरवर पोतं असलं की मागच्या चाकावर भार वाढतो, तिथली पकडही वाढते. गिट्टीवर पुढचं चाक जाम झालं तर माणूस तोंडावर आपटतो.

खरी अडचण वेगळीच. 160 मिलिमीटरच्या डिस्कची त्रिज्या रिमच्या जेमतेम पाव, म्हणून तेवढ्याच परिणामासाठी घर्षणबल चौपट लागतं आणि तो झटका डिस्क आवळणाऱ्या कॅलिपरच्या बैठकीवर येतो. साध्या सायकलीचं मागचं चाक धरणाऱ्या चिमट्याचे पातळ पाइप यासाठी घडवलेलेच नसतात. बैठकीसाठी पाइपावर नुसता क्लॅम्प आवळला तर तो फिरू शकतो. हबलाही डिस्कचे सहा बोल्ट बसायची सोय हवी. अनेक हब-मोटरींना ती असते, साध्या हबला नसते. लिव्हर दाबताच मोटर बंद करणारा स्विचही जोडून घ्या. चिमट्यावर पक्की बैठक बसत नसेल, तर डिस्कचा नाद सोडून वेग कमी ठेवलेला बरा.