उलट्या दाबावर धावणारी लोकल

लालबागला उतरायचं तर चिंचपोकळी नाहीतर करी रोड. दोन्हीकडे थांबतात त्या धीम्याच गाड्या, आणि मधलं अंतर जेमतेम किलोमीटरभर. वेग घेतला न घेतला तोच ब्रेक. मोटरीला याहून छळवादी वेळापत्रक नसेल, कारण तिला सगळ्यात जास्त धोका असतो तो सुरू होताना.

चुंबकीय क्षेत्रात तारेची वेटोळी फिरली की त्यांत वीज निर्माण होते, हे फॅरडेनं 1831 मध्ये दाखवलं. मोटरीतली वेटोळीही फिरतातच. म्हणजे चालती मोटर गुपचूप जनित्राचंही काम करते. असं तयार झालेलं व्होल्टेज बाहेरून येणाऱ्या व्होल्टेजला विरोध करतं. लेन्झनं 1834 मध्ये या उलटेपणाचा नियम मांडला. विरोधाऐवजी मदत झाली असती, तर एकदा ढकललेली मोटर फुकटात वेग वाढवत सुटली असती! या उलट्या दाबाला अभियंते ‘बॅक ईएमएफ’ म्हणतात.

समजा, मोटरीला 750 व्होल्ट मिळाले आणि तिचा रोध 0.1 ओहम आहे. उभ्या मोटरीत उलटा दाब शून्य, म्हणून प्रवाह 7500 अँपिअर: वेटोळी जळणार. वेग येऊन उलटा दाब 730 व्होल्ट झाला, की उरलेल्या 20 व्होल्टवर 200 अँपिअरच वाहतात. चढ लागला, वेग पडला, की दाब उतरतो आणि मोटर आपसूक जास्त वीज ओढते. लालबागच्या मसाल्याच्या गल्लीत कांडपयंत्र मिरचीनं तुंबलं की मोटर तापते, तेही याचमुळे.

3 फेब्रुवारी 1925 ला व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली, 1500 व्होल्ट डीसीवर. त्या पद्धतीच्या गाड्यांत सुटताना प्रवाह आवरायला मोटरी एकसर जोडायच्या, वर रोधक घालायचे. वेग येईल तसे रोधक काढून मोटरी समांतर करायच्या. दर स्टेशनाला रोधकांत वीज नुसती उष्णता होऊन जायची.

2007 पासून आलेल्या नव्या गाड्यांत मोटरी तीन फेजच्या एसी आहेत. ब्रेक लावताना त्यांचा जनित्रपणा उघड कामाला लावतात: चाकं मोटर फिरवतात, वीज वरच्या तारेत परत जाते. वेग अगदी उतरला की मात्र हवेचे ब्रेकच लागतात. करी रोडला थांबणाऱ्या गाडीची ही वीज त्याच वेळी परळहून सुटणाऱ्या गाडीला मिळू शकते.